घोड्यासाठी स्थळ

माझ्या घरमालकीण मावशींसारखी बाई अख्ख्या न्यू जर्सीत दुसरी नसेल. वेस्ट विंडसरला मी शिकत होते तेव्हा त्यांच्या घरात खालची खोली भाड्याने घेऊन राहायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक क्रूझला जातात, नातवंडं सांभाळतात. लॅबमधली नोकरी संपल्यावर मावशींनी शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा घेतला. त्यावर बसण्याचा त्यांचा विचार नव्हता. "इतकी वर्षं माणसांना पाठीवर घेऊन पळलाय, आता मी कशाला आणखी?" एवढंच म्हणत. एक ट्रेनर येऊन त्याला पळणं सोडून चालायला शिकवायची आणि मावशी कुंपणाशी उभ्या राहून तेच त्याला मराठीत समजावत.

जगातली कुठलीही गोष्ट मावशींना स्थळ बघावं तशीच बघता यायची. मला खोली देतानाही घरी कोण कोण, वडील काय करतात, सगळं विचारून झालं. वडील टेम्पो चालवतात आणि घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच, हे मी सरळ सांगितलं. तेव्हापासून त्या माझी ओळख "घरातली पहिली ग्रॅज्युएट" अशीच करून देत, ओक ट्री रोडवरच्या देशी भाजीवाल्यालासुद्धा. माझी हरकत नव्हती. खरंच होतं ते, आणि सोपं नव्हतं.

मग घोडा ज्या तबेल्यात होता ती जागाच विकली गेली. महिनाअखेरपर्यंत दुसरी सोय झाली नाही, तर निवृत्त घोडे सांभाळणाऱ्या ज्या संस्थेकडून आणला तिच्याकडे तो परत जाणार आणि तिथून कुठल्या राज्यात, कोणास ठाऊक. मावशी हायवेवर गाडी चालवत नसत, म्हणून ड्राइव्ह मी करायचे. तबेला बघायला निघताना त्या ठेवणीतली साडी नेसत, बेसनाचे लाडू घेत आणि मला बजावत, "आपण मुलीकडचे आहोत. कमी बोलायचं." घोडा नर होता.

अडचण वेगळीच होती. तबेल्यातल्या खणात कोंडला की घोडा दारापाशी उभा राहून तासन्‌तास डोलायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकाचं बघून बाकीचे घोडेही डोलायला लागतात, असं तबेलेवाले मानतात, म्हणून ते आधीच खोडी विचारून घेतात. मावशी तेवढ्यापुरतं म्हणत, "जरा हळवा आहे." एका ठिकाणी ठरलं, लाडू वाटून झाले, आणि आठवड्यात फोन आला, घोडा घेऊन जा. दुसरीकडेही तेच. "दोनदा माघारी आलं पोर," मावशी म्हणाल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तिसऱ्या ठिकाणी गमबूट घातलेली एक उंच बाई मालकीण होती. तिने खोडी विचारल्या. मावशींनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "कोंडला की डोलतो. दोन ठिकाणांहून परत आलाय." मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर बैठकीत नवरीचं खरं वय सांगून टाकलं.

"मग कोंडायचं कशाला?" मालकीण म्हणाली. "माझी एक म्हातारी घोडी बाहेर कुरणातच असते. पाऊस आला तर शेडखाली येते. राहू दे तिच्या सोबतीला."

परतताना मावशींनी गाडीत बसून सीट बेल्ट लावला. मग म्हणाल्या, "एवढी शिकलीस, पण कुठे काय बोलावं ते नाही शिकलीस." आणि दोन सिग्नल गेल्यावर, "घोडीचं वय तरी विचारायचंस."

घोडा रुळला. डोलणं थांबलं. आम्ही दर रविवारी जायचो. सुरुवातीला मावशींची हाक ऐकली की तो कुंपणाशी धावत यायचा. पुढे चालत यायला लागला. नोकरी लागून मी टेक्सासमध्ये शुगर लँडला निघाले, त्याआधी आम्ही दोघी एकदा जाऊन आलो. मावशींनी गाजर पुढे करून हाक मारली. त्याने मान वर केली, आमच्याकडे नीट बघितलं, आणि परत घोडीशेजारी चरायला लागला.

"रमलाय," मावशी म्हणाल्या.

 मग गाजर मोडून अर्धं त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि ते खात खात आम्ही गाडीकडे आलो.