उघडं तोंड

आमच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं डोळे आखले. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी म्हणजे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. शाळा माझी चौथीतच सुटली, आणि आखणी तर मला कुणी शिकवलीच नाही, दुसऱ्याच्या हाताकडे बघत बघत आली. पुढे मान दुखायला लागली तेव्हा ब्रश ठेवला. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "आजी, घरी बसून काय करता? पोरांना मातीत खेळवा जरा." म्हटलं, खेळवते.

लहान मुलाला "कसं वाटतंय?" असं विचारलं तर ते "बरं" म्हणतं. पोटात कळ येत असली तरी बरंच. म्हणून मी विचारतच नाही. प्रत्येकाला पाटावर लिंबाएवढा शाडूचा गोळा देते आणि सांगते, "आज घरनं कसलं तोंड घेऊन आलाव, ते करा." मग बघा गंमत. कुणाचे गाल फुगलेले, कुणाच्या नुसत्या भुवया. "ह्या भुवया कोणाच्या रे?" "आईच्या. दूध उतू गेलं." मग आम्ही सगळे तसं तोंड करून बघतो आणि त्याला नाव देतो. राग, भीती, लाज, रुसवा. राग आणि रुसवा यांतला फरक मला एका चिमुरडीने सांगितला, "रुसलेल्याला लाडू चालतो, रागावलेल्याला नाय." आता याहून चांगलं कोण सांगणार?

पण त्यातच एक पाच वर्षांची मुलगी होती, ती चावायची. बोलायची कमी, चावायची जास्त. बाकीच्या पोरांच्या आयांनी बाईंकडे तक्रारी केल्या. बाईंचाही नाइलाज झाला. त्यांनी तिच्या आईला सांगितलं, "अजून एकदा चावली तर जूनपर्यंत घरीच ठेवा." आई बिचारी कारखान्यात रंगकामाला जायची. मुलगी घरी राहिली तर काम सोडावं लागणार. ती दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघायची, की जणू माझ्याकडे औषध आहे.

एका सोमवारी त्या मुलीने तोंड केलं. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, आणि खाली अंगठा दाबून, आरपार, हे एवढं मोठं उघडं तोंड. मी शेजारी बसले होते. दुसऱ्याच मुलाशी बोलता बोलता माझं ओलं बोट आपोआप तिच्या गोळ्यावर गेलं. भोक लिंपलं, ओठ जुळवले, कोपरे जरा वर उचलले. चाळीस वर्षांचा हात हो! कारखान्यातून बाहेर पडणारा चेहरा शांतच पाहिजे, हे त्या हाताला ठाऊक.

कचकन ती माझ्या मनगटाला चावली.

"आजीला चावली! आजीला चावली!" सगळी पोरं ओरडली. बाई उठल्या, फोन हातात घेतला. मी म्हटलं, "थांबा बाई. तिचं काय चुकलं नाय. मीच तिचं तोंड बंद केलं."

बाईंना कळेना मी काय म्हणते. मी नवा गोळा घेतला आणि तिच्यापुढे ठेवला. "चुकले गो बाय माझी. पुन्हा कर, मी हात नाय लावत." तिने माझ्याकडे बघत बघत अंगठा खुपसला आणि पहिल्यापेक्षा मोठं भोक पाडलं.

"कोण ओरडतंय हे?"

"मी."

"कोणावर?"

"बाबावर. मी निजलेली असताना जातो. उठते तर नसतोच."

बाप तिचा रोह्याला कंपनीत. शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे पहिल्या गाडीने जायचा. पोर रडेल म्हणून चपला हातात घेऊन घराबाहेर पडायचा. मी बाईंना म्हटलं, जरा आठवून बघा, ही चावते कधी? बाईंनी बोटांवर मोजलं. बहुतेक सोमवारीच.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, "आजी, उठवलं तर पायाला मिठी मारते. गाडी चुकते त्यांची."

"मग पाच मिनिटं आधी उठवा. रडू दे गो. रडण्याने एस.टी. थांबत नाय."

"आणि तरी चावली तर?"

"मला चावेल. माझं मनगट हाय की अजून एक."

ती हसली, पण तिला भीती होतीच. मला नव्हती. पोराच्या तोंडात काय अडकलंय ते एकदा कळलं, की निम्मं काम झालं, हे मी छातीठोकपणे सांगते.

पुढच्या सोमवारी ती आली ती डोळे सुजवून. बापाने उठवलं होतं, ती स्टॉपपर्यंत रडत गेली होती, गाडीला हात हलवून आली होती. आई दारातून हलेना. मुलीने गोळा मागितला, तोही मोठा. उघडं तोंड केलं आणि मातीच्या बारीक वळ्या करून डोळ्यांखाली आसवं लावली, पार पाटाच्या कडेपर्यंत. शेजारचा मुलगा सवयीने लांब सरकला.

"सरकू नको," ती त्याला म्हणाली. "आज मी चावणार नाय. आज मी रडून आलेय."

बाईंनी हातातला फोन पर्समध्ये टाकला. आई कामावर गेली.

डाव्या डोळ्याचं आसू जरा वाकडं लागलं होतं. माझं बोट ओलंच होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसून राहिले.