भाकड महिने न धरलेले पत्रक

काहीही विचारले तरी उत्तर देण्याआधी बाई जवळच्या म्हशीच्या बरगड्यांवर चार बोटे दाबून पाहत. मग म्हणत, "हां, आता विचारा पुढारी." मी तेव्हा बावीस वर्षांचा. चौकाचौकांत भाषणे करत हिंडायचो, त्यामुळे त्या हाकेतली टिंगल मला कळायचीच नाही.

गंगापूर रोडला त्या काळी मळेच जास्त. एका मळ्याच्या कडेला बाईंचा पाच म्हशींचा गोठा होता. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच तो चालवत. आमच्या दूध सोसायटीचे पत्रक मी लिहून छापखान्यात टाकले होते: चराई बंद करा, म्हैस ठाणावर बांधा, पेंड दुप्पट घाला, दूध दुप्पट काढा. छापायला टाकल्यावर दाखले गोळा करायला निघालो. तुम्हीही असे विद्वान पाहिले असतील.

बाईंनी माझ्या वहीकडे पाहिले नाही. भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दाखवल्या. खाली पेंडेची मापटी, वर दुधाचे शेर. नुकत्याच व्यालेल्या एका म्हशीची पेंड त्या दर आठवड्याला अर्ध्या मापट्याने वाढवत गेल्या होत्या. तीन मापट्यांपर्यंत वरच्या रेघाही वाढल्या होत्या. पुढे नुसत्या खालच्याच.

मग जास्तीची पेंड गेली कुठे, मी विचारले.

"शेणात. आन् ते उचलायला मीच."

मी चिडून माझे गणित वाचून दाखवले. एका दिवसाचे दूध, गुणिले तीनशे पासष्ट. ते संपल्यावर बाईंनी विचारले,

"ह्यात भाकड म्हैस कुठं धरली?"

कुठेच धरली नव्हती. त्यांची एक म्हैस तेव्हा आटलेली होती, अजून गोठ्यातच होती. अशा म्हशी त्या हरसूलच्या डोंगरात ओळखीच्या माणसाकडे चरायला ठेवत आणि व्यायला झाल्या की परत आणत. म्हैस वर्षातले कित्येक महिने दूध देत नाही, पण खाते रोज, एवढी गोष्ट माझ्या पत्रकात नव्हती.

पुढे त्याच पत्रकाच्या आधाराने सोसायटीच्या सभेत ठराव आला. सगळ्यांचा मिळून एकच गोठा, त्यात फक्त दुभत्या म्हशी, आटलेल्या विकून टाकायच्या. विकायच्या म्हणजे कोणाला, हे सगळे जाणून होते. बाईंचे दूध घेणारे गावातले हलवाई यापुढे सोसायटीचेच दूध घेणार होते. म्हणजे बाईंनी एक तर आटलेली म्हैस विकून सोसायटीत यायचे, नाही तर गाव सोडायचे.

बाई दाराशी उभ्या राहून बोलल्या. "आज दुभत्या हायेत त्या उद्या आटतील. मग नव्या कुठनं आणाल? आटलेले म्हैने धरून पुन्हा मांडा की."

बाईमाणसाने मध्ये बोलू नये, असे अध्यक्ष म्हणाले. भर रस्त्यात सरकारला शिव्या घालणारा मी मान खाली घालून बसलो. त्यांचे बरोबर आहे हे मला पक्के ठाऊक होते. ठराव हात वर करून मंजूर झाला. माझाही हात वर होता.

आठ दिवसांनी बाईंनी गोठा मोडला. मी सायकलवरून त्यांना सातपूरच्या पुढे, हरसूलच्या वाटेवर गाठले. चुकलो म्हणालो. नवे पत्रक काढतो, त्यात भाकड महिने धरतो, असेही म्हणालो.

"काढा. पर मला आणून देऊ नका. मला वाचता येत नाय, आन् हिला समदं ठाऊक हाय."

हिला म्हणजे त्या आटलेल्या म्हशीला. बाकीच्या चार बऱ्याच पुढे गेल्या होत्या. ही गाभण होती, पाय उचलायला वेळ लावत होती. बाईंनी तिला हाकलले नाही. तिच्या मागून, तिच्याच चालीने त्या चालत गेल्या.