कुंपणापलीकडची थंडी

आज गुरांच्या दवाखान्यात अतिथंड द्रव नायट्रोजनची गाडी आली. बैलांचं वीर्य गोठवून ठेवायच्या टाकीत तो ओतताना पांढरी वाफ पायरीवरून खाली उतरत होती. तारेच्या कुंपणाअलीकडे, ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर बसून सखूमावशी ते पाहत होती. तिला तपासणीला घेऊन आलेली मी, गावची आशा कार्यकर्ती, शेजारी होते. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बिघडल्यात. अजून कॅन्सर नाही. आत्ताच गोठवून मारल्या तर बहुधा होणारही नाही. काही मिनिटांचं काम, टाके नाहीत. गोठवायचं यंत्र रुग्णालयात आलंय, त्याला हारसुद्धा घालून झालाय. "नायट्रोजन आला नाही, पुढच्या महिन्यात या," सिस्टर याही वेळी म्हणाल्या.

मावशीने कुंपणाकडे बोट केलं. "त्यो काय मग?"

"तो गुरांचा आहे, मावशी."

"मग मला म्हशींच्या रांगेत उभी करा की! शेपूट तेवढं न्हाई मला."

सिस्टर हसल्या. मला हसू येईना. खातं वेगळं, मागणी वेगळी, सही वेगळी, हे सगळं मला पाठ आहे. पण वासरू जन्मावं म्हणून जी थंडी गावात वेळेवर पोचते, ती बाई जगावी म्हणून चार पावलं पुढे येत नाही?

वाफ मात्र तारेखालून आली आणि मावशीच्या चपलांपाशी विरून गेली. वाफेला कुणाची सही लागली नाही.