सिरसाळ्यात पायरीचा मान

सिरसाळ्याला मी मान घ्यायला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. निजामाच्या राज्यात, वर इंग्रजांची नजर असताना, माझ्या पणजीने तिथे चोरून मुलींची शाळा चालवली. पोरी दळणाचं निमित्त करून यायच्या आणि जमिनीवर पसरलेल्या पिठात बोटाने अक्षरं काढायच्या. आजही गावातली मुलगी शाळेत जाण्याआधी त्याच खोलीत पिठात पहिलं अक्षर काढते. माझ्या लेकीचा, इराचा हात तिथे मीच धरणार, हे मी मनात पक्कं केलं होतं.

बीडहून परळीची एसटी पकडा, सिरसाळा वाटेतच लागतं; बायकांना अर्धं तिकीट आहे. वडवणीला गाडी थांबते तेव्हा गरम भजी घ्या, पुढे धड काही मिळत नाही. जूनच्या सुरुवातीला ऊन मरणाचं असतं, पाणी सोबत ठेवा.

खोली लहानशी, ताजी सारवलेली. मुलींकडून पहिलं अक्षर काढून घेणाऱ्या सुशीलाबाई वाट पाहत होत्या. त्यांची आजी पणजीची विद्यार्थिनी, आई शिक्षिका, स्वतः निवृत्त मुख्याध्यापिका. मी इराला घेऊन आत शिरणार, तोच त्यांनी अडवलं.

"ताई, तुमी बाहीर पायरीवर बसा. तुमच्या घरचा मान तिथलाच हाय."

"का? पणजी माझी होती!"

"व्हय की. पर आमच्या आज्ज्या आत शिकायच्या तवा तुमची आजी पायरीवर राखणीला असायची. कुनी येताना दिसलं की खोकायची. मंग पोरी पिठातली अक्षरं मोडून जातं फिरवायच्या."

"मग आजी कधी शिकली?"

"न्हाई शिकली. राखनदाराचं तोंड वाटंकडं. लई पोरी शिकल्या तिच्या जिवावर."

आजीने जन्मभर अंगठा उठवला. तिला डोकंच नव्हतं, असं आमच्या घरात हसत सांगायचे. आणि सुशीलाबाईंच्या घरात तीन पिढ्या खडू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी बसले, रस्त्याकडे तोंड करून. मागे वळायचं नाही, असा नियम.

"आई, बघ ना, अ आला!" आतून इरा ओरडली. आत जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. समोर एक म्हातारा शेळ्या हाकत चालला होता, तेवढाच मला दिसला.

नंतर भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी आग्रहाने वाढली. जेवण उत्तम होतं.

आता घरी इरा कणकेच्या परातीत अ काढते. वळण सुशीलाबाईंचं आहे, आणि ते पाहून मी अजून जळते. पहिलं अक्षर माझ्या हातून व्हायला हवं होतं, असंच वाटतं. एकच दुपार पायरीवर बसून माझं हे झालं. आजी तर रोज बसायची, पाठीमागे स्वतःची आई दुसऱ्यांच्या पोरींना शिकवतेय हे ऐकत. एकदा गप्प राहिली असती, तर सगळं तिथेच संपलं असतं. ती दर वेळी खोकली.