मुक्कामी गाडी

माझ्या फाटकासमोर आता नगरबसचा थांबा आहे. निळं छप्पर, बसायला स्टीलचा बाक, आणि पुढची गाडी केव्हा येणार ते सांगणारी पाटी. सकाळी मी झाडांना पाणी घालत असतो तेव्हा पहिली बस येते. ती आवाज करत नाही, हेच मला तिचं आवडत नाही. दार आपोआप उघडतं, कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, दार मिटतं. या थांब्यासाठी आमच्या ले-आउटच्या वसाहतीतल्या आम्ही रिटायर मंडळींनी चपला झिजवल्या होत्या. यवतमाळ चहूकडून वाढत चाललंय, ऑटोवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, बस हवीच होती. बस आली याचं मला वाईट वाटत नाही. पण ती कशाच्या बदल्यात आली हे मला ठाऊक आहे, आणि माझी मोठी बहीण गेल्यापासून ते दार उघडताना मला पाहवत नाही.

आमचं गाव कळंबच्या रस्त्यावरून आत, एक नाला ओलांडल्यावर लागतं. तिथे मुक्कामी गाडी होती. म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन आलेली बस परत जायचीच नाही. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत रात्रभर उभी राहायची आणि तांबडं फुटताना शहराकडे निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपत आणि त्यांच्या जेवणाची पाळी घरोघर फिरे. कोणी तसा नियम केला नव्हता. बाहेरची दोन माणसं आपल्या गावात झोपतात तर उपाशी कशी झोपतील, एवढाच तो हिशेब. ज्या घरी पाळी असे तिथे त्या दिवशी भाजी जरा बरी होई. त्याची परतफेड ड्रायव्हर सकाळी करी. निघण्याआधी एक लांब हॉर्न देई आणि कोणी पदर खोचत, कोणी डबा सांभाळत पळत येताना दिसलं, तर थांबून राही.

बहिणीच्या किडन्या गेल्यावर ही गाडी म्हणजे तिचा प्राण झाली. आठवड्यातून दोनदा तिला शहरात डायलिसिसला यावं लागे, आणि मशीनवरची सकाळची पहिली पाळी गाठायची तर त्या गाडीशिवाय इलाज नव्हता. मागचा लांब बाक तिच्यासाठी कोणी न सांगता सुटलेला असे. ती टेकली की मगच ड्रायव्हर गिअर टाकी. एक पाळी चुकली तर पाय सुजतील, दोन चुकल्या तर श्वास लागेल, पुढचं मी सांगत नाही, असं डॉक्टरांनी मला आणि भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. माझ्याकडेच राहा म्हणून मी तिच्याशी भांडलो. ती एक रात्र राहायची, दुसऱ्या दिवशी पिशवी भरायची. माझ्या घराला खिडक्या आहेत पण हवा नाही, असं तिचं म्हणणं होतं. शिवाय तिची जेवणाची पाळी आली तर स्वयंपाक कोण करणार?

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस मशीनवरून उठून ती माझ्याकडे आली. एरवी मशीनच्या दिवशी ती चिंधीसारखी झालेली असे. त्या दिवशी मात्र चेहऱ्यावर खुशी मावत नव्हती. आमच्या भागातली बससेवा सुधारायची म्हणून बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस गाड्या तपासत फिरत होता. तो आमच्या गावी मुक्कामाला येणार आणि सकाळच्या गाडीत बसून पाहणार, हे कंडक्टरने आधी सांगून ठेवलं होतं. मग काय, गाव कामाला लागलं. बायकांनी टाकीवरून पाणी आणून गाडी आतून-बाहेरून धुतली. समोरच्या काचेवर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. दुधाच्या कॅन सायकलींवर गेल्या, कॉलेजच्या पोरींना पायी फाट्यावर धाडलं, बाजाराला जाणाऱ्यांना नंतर काळीपिवळी जीपने जा म्हणून सांगितलं. साहेबांना नीट बसता आलं पाहिजे, त्यांच्या अंगावर कोणी पडायला नको. जेवणाची पाळी दुसऱ्या घराची होती, ती बहिणीने भांडून मागून घेतली. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. साहेब मांडी घालून जेवले म्हणे.

तिच्या हातात चहा देऊन मी विचारलं, मग सकाळी गाडीत कोण कोण होतं?

"कोनीच नाही बाप्पा. मी अन् सायेब. मले तं जानंच होतं म्हनून बसू देलं. लग्नाच्या गाडीवानी दिसे."

तिने तो कप इतक्या समाधानाने संपवला की मला पुढे बोलवेना. तिला संध्याकाळच्या गाडीत बसवून आलो, आणि दुसऱ्या दिवशी पत्ता काढत त्या साहेबाच्या ऑफिसात गेलो. वरातीमागून घोडं, पण जाणं भाग होतं. साहेब म्हणजे माझ्या नातवाएवढा दिसणारा, सभ्य, खुर्ची पुढे करणारा पोरगा. त्याने स्क्रीनवर आमच्या गावची फेरी काढून दाखवली. प्रवासी, एक. शहरात लोक ऑटोला लोंबकळतात आणि इकडे अख्खी बस एका म्हातारीसाठी धावते, हे त्याने मला समजावून सांगितलं. नगरबसच्या गाड्या नव्या येणार होत्या, पण त्या चालवायला माणसं नवी येणार नव्हती. ती अशाच रिकाम्या फेऱ्यांतून काढायची होती. मी त्याला तोरणापासून सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. गावचं जेवण फार छान होतं म्हणाला. मग हळूच विचारलं, "पण काका, गाडी रिकामी होती हे खरं ना?"

खरं होतं. मी पुन्हा एकदा पाहणी करा म्हणालो, त्याने वर कळवतो म्हणून सांगितलं. जिना उतरताना मला त्याचा राग येत नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. राग यायला समोर कोणी वाईट माणूस तरी असावा लागतो.

शाळा सुरू व्हायच्या आधी मुक्कामी गाडी बंद झाली. पहिल्या संध्याकाळी पाळीच्या घराने ताटं वाढून ठेवली होती, ती तशीच झाकून राहिली. मी गावात गेलो, विहाराच्या पायरीवर बसून लोकांना समजावलं, की गाडी भरलेली दिसायला हवी होती. मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे घरी पाव्हना येनार, तं त्याले बसाले जागा नाही ठेवाची काय?" चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला मी पायरीवरून उठलो आणि बहिणीच्या घराकडे चालू लागलो.

बहिणीने तर माझं बोलणं कानाआडच केलं. तिचं कारण तिने आधीच ठरवलं होतं. दोन वर्षं तिचं मीठ बंद होतं, तिच्या जिभेला अळणीच बरोबर लागे, आणि चाखून न पाहता केलेली भाजी तिने साहेबांना वाढली होती. "मिठाचा अंदाजच गेला माह्या हातचा," ती म्हणाली. "त्याले गोड नाही लागलं. मोठा मानूस, तोंडावर कसा बोलन?" मी तिच्यावर ओरडलो, वेडी आहेस का म्हणालो. ती मान हलवून भाकरी थापत राहिली. तिच्या पायावर मी सहज बोट टेकवलं, तर खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला.

त्यानंतर भाचा तिला मोटरसायकलवर आणू लागला, तेही आणखी एकाला मागे घेऊन तिला दोघांच्या मधे बसवून, कारण एकटी मागे बसली तर झोक जाई. पहिली पाळी हातची गेली. दुसऱ्या पाळीला कधी जागा मिळे, कधी तासन् तास बाकावर बसून अर्ध्या वेळेतच मशीनवरून उतरावं लागे. पाऊस लांबला तसा मला आनंद व्हायला लागला, आमच्याकडे पाऊस लांबला म्हणून आनंद होणारा मी एकटाच असेन. सगळं शेतशिवार आभाळाकडे डोळे लावून बसलं होतं आणि मी मनात म्हणत होतो, नको, अजून नको. कारण मधे तो नाला होता.

मग पाऊस आला तो ठाण मांडूनच. नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं आणि तिची पाळी चुकली. फोनवर ती म्हणाली, उद्या पानी उतरन. दुसऱ्या दिवशी उतरलं नाही, आणि फोनवर तिचे शब्द तुटत येऊ लागले. ॲम्ब्युलन्स अलीकडच्या काठावर येऊन थांबली आणि दुसरीकडचा कॉल आला म्हणून परत फिरली. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं तेव्हा गावाने तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादीवर घातलं, वर ताडपत्री धरली आणि माझ्या घरापर्यंत आणलं. तिथे ट्रॅक्टर बंद पडला. मी छत्री घेऊन रस्त्यावर उभा होतो, काय करावं सुचत नव्हतं. इतक्यात समोरच्या थांब्यावर, नेहमीसारखी, आवाज न करता बस येऊन उभी राहिली.

दार उघडलं. ड्रायव्हरने तिला पाहिलं आणि तो सीट सोडून खाली उतरला. तो आमच्या मुक्कामी गाडीचाच ड्रायव्हर होता, आता नगरबसवर आलेला. त्याने आणि भाच्याने तिला उचलून मागच्या बाकावर बसवलं. ती टेकली याची खात्री करूनच तो पुढे गेला, आणि कुठल्याही थांब्यावर न थांबता त्याने गाडी दवाखान्याकडे काढली.

गाडी पूर्ण रिकामी होती. स्वच्छ निळ्या सीटा, कोऱ्या काचा. बहिणीने श्वास गोळा करत सगळीकडे नजर फिरवली. मग तिने माझा हात ओढला.

"आज सायेब येनार हाये काय रे? गाडी मोकळी ठेवली."

मी हो म्हणालो. तिने भिजलेला पदर डोक्यावरून नीट केला आणि पाठ सरळ करून बसली. मी टेकून बस म्हणालो तरी तिने ऐकलं नाही. दवाखान्याचं फाटक येईपर्यंत ती तशीच बसून होती.