दाजींची गाडी पासिंगला जाते

गंज हा आपला वैयक्तिक शत्रू आहे आणि तो रोज पहाटे आपल्यावर चाल करून येतो, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे थोरले साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो; गावात सगळे फौजी म्हणतात. चोवीस वर्षं त्यांनी फौजेत ट्रक चालवले, ट्रक दुरुस्त केले, आणि निवृत्त होऊन वडूजजवळच्या आपल्या गावी परतले ते एक नवीकोरी पांढरी गाडी आणि पोतंभर सवयी घेऊन. गाडी कुठंही लावायची असो, तिचं तोंड रस्त्याकडेच पाहिजे. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, नाहीतर सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या घरापुढचा बोळ असो, दहा मिनिटं पुढं-मागं करून, शेजाऱ्यांच्या दोन कुंड्यांचा जीव टांगणीला लावून, दाजी गाडी उलटी लावणार म्हणजे लावणार. एकदा मी न राहवून विचारलं, "दाजी, सांगलीत आपल्यावर कोण हल्ला करणार आहे?" तर म्हणाले, "हल्ला सांगून येतो व्हय, पाव्हणं?" मी कुंड्या आत घेतल्या.

दाजींचा दिवस पहाटे पाचला गाडी धुण्यानं सुरू होतो. आता वडूजच्या बाजूला पाण्याची काय तऱ्हा आहे ते वेगळं सांगायला नको. नळाला पाणी चार दिवसांनी येतं, तेही आल्यासारखं करून जातं. पण दाजींच्या परड्यात बोअर आहे, आणि त्याचं पाणी इतकं मचूळ की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि म्हैस एकदा तोंड लावून दुसऱ्यांदा लावत नाही. ते दोन बादल्या पाणी दाजी रोज गाडीवर ओततात. वरून, खालून, चाकांच्या आतून, दारांच्या फटीतून. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे आक्का, उंबऱ्यात बसून म्हणायच्या, "मला अंगुळीला एक बादली आन् सवतीला दोन!" दाजींना हे ऐकू येत नसे. गाडी धुताना त्यांना फक्त गाडीचंच ऐकू येतं.

एवढी निगा राखूनही गाडी गंजत होती. आधी दारांच्या खालच्या कडेला तांबूस पुटकुळ्या आल्या, मग चाकांवरचा पत्रा बिस्किटासारखा तुटायला लागला, आणि एका वर्षी मागच्या सीटखालची जमीन गेली. ती गेल्याचं दाजींना कळायच्या आधी मेंढरांना कळलं. आम्ही सगळे म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला निघालो होतो आणि मागं आक्कांच्या पायाशी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं होतं. दाजी ताशी चाळीसच्या पुढं कधी जात नाहीत, त्यामुळं आमच्या मागं मेंढरांचा एक अख्खा कळप पळत येतोय हे बराच वेळ कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेवटी मेंढक्या काठी उंचावून ओरडला, "आवं फौजी, थांबा की! तुमची गाडी गळतीया, माझी मेंढरं वाट सोडून तुमच्या मागं लागल्यात!" दाजी उतरले, वाकून भोक बघितलं, उरलेलं पोतं पुढं माझ्या मांडीवर दिलं आणि गाडी सुरू करत म्हणाले, "हवा खेळायला बरं हाय." म्हसवड येईपर्यंत मेंढरं आमची पाठ सोडायला तयार नव्हती.

अशी ही गाडी यंदा पंधरा वर्षांची झाली. म्हणजे तिचं पासिंग आलं. गाडी साताऱ्याला न्यायची, अधिकाऱ्यापुढं उभी करायची, त्यांनी ती रस्त्यावर धावण्याजोगी आहे असं म्हटलं तर आणखी पाच वर्षं, नाहीतर भंगार. दाजींचा मुलगा पुण्यात असतो. आई-वडिलांनी आता आपल्याकडं येऊन राहावं, असं तो चार वर्षं सांगतोय, आणि खोटं कशाला बोला, त्याचं चुकत नव्हतं. आक्कांचे गुडघे असे झालेत की त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. म्हसवडचा देव, वडूजचा बाजार, सांगलीची बहीण, सगळं त्या पांढऱ्या गाडीवर अवलंबून. गाडी गेली तर आक्का घरात अडकल्या. म्हणून मुलानं फोनवर अट घातली, "गाडी पास झाली तर मी परत विषय काढणार नाही. नाही झाली तर घराला कुलूप लावायचं आणि पुण्याला यायचं." आणि दाजी तावातावात बोलून बसले, "कबूल! न्हाई झाली तर दुसऱ्या दिशी बिस्तरा बांधून हजर. फौजीचा शब्द हाय!" फोन ठेवल्यावर आक्का म्हणाल्या, "शब्द तुमचा, गुडघं माझं!"

मग दाजींनी मला सांगलीहून बोलावून घेतलं. कागदपत्रांचं खातं माझ्याकडं, पत्र्याचं त्यांच्याकडं. आम्ही गाडी वडूजच्या एका गॅरेजवाल्याकडं नेली. तो भला माणूस गाडीखाली सरपटत गेला, बराच वेळ नुसते 'च्च च्च' आवाज आले, आणि बाहेर येऊन अंग झाडत म्हणाला, "फौजी, धुता कशानं?"

"बोअरच्या पाण्यानं. रोज," दाजी अभिमानानं म्हणाले.

"मग ह्येला गंजानं न्हाई खाल्लं, तुमी खाल्लं. खारं पाणी हाय ते. धुतली नसती तर आजून धा वर्सं काय झालं नसतं. आपल्याकडं पाऊस तरी हाय का गाडी गंजायला?"

दाजी तिथल्या बाकावर बसले आणि हातातलं फडकं घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. पंधरा वर्षं पहाटे उठून ज्या शत्रूशी आपण लढतोय असं माणसाला वाटावं, आणि त्याला रोज दोन बादल्या भरून आपणच आत घेत होतो असं कळावं! दोन दिवस दाजी पाचला उठायचे, गाडीपाशी जायचे आणि कोरडेच परत यायचे.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्यातला फौजी जागा झाला. गॅरेजवाल्यानं जमिनीला नवा पत्रा जोडून दिला होता, चाकांवरच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती. रंगाचं काम दाजींनी स्वतःकडं घेतलं. "पाव्हणं, फौजेत मोठा साहेब तपासणीला यायचा म्हटलं की काय करत्यात ठावं हाय? गेरू-चुना! झाडाच्या बुंध्याला गेरू, दगडाला चुना. साहेबाला गंज दिसता कामा न्हाई." असं म्हणून त्यांनी रंगाचे डबे आणले आणि दोन दिवस त्या गाडीला जे रंगवलं, त्याला तोड नाही. दारं रंगवली, खालची बाजू रंगवली, जॅक रंगवला, पाना रंगवला. बॉनेट उघडून आतला सगळा पत्रा एकावर एक असे तीन हात देऊन पांढराशुभ्र केला. आक्कांनी चुकून बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा तांब्याही थोडक्यात वाचला.

पासिंगच्या दिवशी आक्काही निघाल्या. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही घरीच थांबा, देव पाण्यात घालून बसा." त्या म्हणाल्या, "देव बुडवायला हितं पानी तरी कुटं हाय, पाव्हणं? मी गाडीतच बसती." आमची वेळ दहाची होती. दाजींच्या हिशेबानं आम्ही साडेसातला मैदानावर पोहोचलो, तेव्हा रखवालदार दात घासत होता. नऊनंतर हळूहळू टेम्पो, जीपा, शाळेच्या गाड्या येऊन रांग लागली. दाजींनी गाडी अर्थातच उलटी लावली, त्यामुळं बाकी सगळ्या गाड्यांची तोंडं एकीकडं आणि आमचं एकट्याचं दुसरीकडं.

अधिकारी म्हणून तिशीतल्या एक मॅडम आल्या. दाजींनी टाचा जुळवून असा सलाम ठोकला की त्यांच्या हातातली फाइल हलली. त्यांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवला, हातब्रेक ओढून गाडी ढकलायला लावली. सगळं ठीक. मग बोटांनी चाकावरचा पत्रा वाजवत त्या हसल्या. "लांबी बरीच भरलीय, काका."

"जखमा व्हत्या, मॅडम. मलमपट्टी केलीया."

"बॉनेट उघडा. चासी नंबर बघू."

दाजींनी बॉनेट उघडलं, आणि आतला तो पांढराशुभ्र पत्रा बघून मी हातातले कागद छातीशी धरले. गाडीचा चासी नंबर, म्हणजे कारखान्यात पत्र्यावर ठोकलेलं तिचं खरं नाव. कागदावरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर जुळल्याशिवाय पासिंग होत नाही. आणि तो नंबर दाजींच्या गेरू-चुन्याखाली गुडूप झाला होता. एक आकडा दिसत नव्हता.

"नंबर कुठाय?" मॅडमनी विचारलं.

दाजींनी पुन्हा टाचा जुळवल्या, छाती काढली, समोर बघितलं आणि सतराच्या सतरा अक्षरं नि आकडे एका दमात म्हणून दाखवले. शेजारचा टेम्पोवाला टाळ्या वाजवणार होता. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या तोंडून नको. गाडीच्या अंगावर दिसायला हवा. रंगाखाली असेल तर काढा. पण हळू, आकड्यांवर ओरखडा आला तर मी घेणार नाही. आणि गंजानं गेला असेल, तर माझ्या हातात काही नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि दाजींचा चेहरा उतरला. कारण त्या पाण्यानं जमीन खाल्ली होती, दारं खाल्ली होती, मग नंबर कशाला सोडला असेल? त्यांनी रंगाला नख लावायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. "पाव्हणं, तुमी बघा," ते हळूच म्हणाले. मीही बिचकलो. एका ओरखड्यावर त्यांचं घर, अंगण, म्हसवडचा देव, सगळं पुण्याला जाणार होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आक्का गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, गाडीला धरून पुढं आल्या. "सरा बाजूला," म्हणाल्या. बॉनेटमध्ये वाकून त्यांनी पत्र्यावर नेमक्या एका जागी अंगठ्याचं नख टेकवलं, रंगाची कड उचलली, आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तिन्ही हातांचा रंग एका पट्टीत अलगद निघून आला. खाली नंबर होता. सतराच्या सतरा, ठसठशीत. गंजाचा ठिपका नाही. फक्त आकड्यांच्या खाचांत लालसर काहीतरी बसलेलं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुक्कू हाय, बाई." आक्का पदराला बोटं पुसत म्हणाल्या. "खंडेनवमीला ह्येनी फुडं नारळ फोडत्यात, हार घालत्यात. मी हितं तेल-कुक्कू लावती. गाडी आली तवा ह्येनीच दावलं व्हतं, हितं तिचं नाव लिवलंया म्हणून. मला वाचाय येत न्हाई, पर जागा ठावं हाय. नावानं हाक मारल्याबिगर पूजा पोचती व्हय?"

पंधरा दसऱ्यांचं तेल. त्यावर गंज बसला नव्हता आणि त्यावर दाजींचा रंगही धरला नव्हता. मॅडमनी कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतली, कागदाशी ताडून बघितली आणि सही केली. "पाच वर्षं, काका. आणि काकू, तेल लावणं सोडू नका."

दाजी कडेच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. मीही रडलो असतो, पण कागद माझ्या हातात होते, ते भिजले असते. थोड्या वेळानं नाक पुसत ते मला म्हणाले, "पंधरा वर्सं म्या म्हनायचो, गंजाशी मी लढतोया. लढत व्हती ही." आक्का गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "आता बसा की गाडीत. ऊन व्हाय लागलंया." इतका हलका झालेला माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांनी चक्क पन्नासला काटा नेला.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा मुलाचा फोन आला. दाजींनी सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकर लावला आणि गर्जले, "पास! पाच वर्सं!" पलीकडून मुलगा म्हणाला, "बरं झालं, आबा. खरंच बरं झालं." आणि मग, "कालच तुमच्या खोलीला पडदे लावले होते. पोरांनी निवडले. आईच्या पलंगाशेजारी धरायला दांडी बसवून घेतलीय, गुडघ्यांसाठी."

दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. आम्ही जिंकलो होतो. पण आपण जिंकलो म्हणजे तिकडं कुणीतरी वाट बघायचं थांबणार आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नव्हतं. आक्कांनी दाजींच्या हातातून फोन घेतला. त्यांना फोन कसा धरायचा ते नीट जमत नाही, त्यामुळं त्या तो तोंडासमोर आरशासारखा धरून बोलल्या, "दांडी काढू नगंस, बाळा. दिवाळीला येतोय आमी. आन् पोरास्नी सांग, कंचा रंग हाय पडद्याचा ते आदुगर सांगू नगा. मी येऊन बघती."