चार खाचांची बंदूक

बिभीषण धनगराला अक्षर वाचता येत नव्हतं, पण बंदूक वाचता यायची.

सिरसाळ्याच्या वाटेवर निजामाच्या पोलिसांचं एक लहानसं ठाणं होतं. मेंढरं रोगानं गेली तेव्हा बिभीषणनं तिथं बंदुका पुसायची चाकरी धरली. फौजेनं टाकून दिलेल्या, विलायतेत घडलेल्या, नळीत आटे असलेल्या बारा जुन्या ठासणीच्या बंदुका. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो त्या पट्टीवर मुकुट, साल आणि कारखानदाराचं नाव कोरलेलं. मुनशी राधाकिशनची यादी तेवढ्यावरच चाले.

बिभीषण मात्र पट्टी उलटी करी. आतल्या अंगाला, लाकडाच्या खोबणीत, नळीखाली, स्क्रूच्या डोक्याखालीसुद्धा जोडणाऱ्या कारागिरानं कानशीनं बारीक खाचा पाडलेल्या असत. एका बंदुकीच्या सगळ्या तुकड्यांवर सारख्याच.

"मुकुट काय, कुनीबी ठोकतंय," तो म्हणे. "ह्या खाचा बगा. आमी मेंढराचा कान कातरतो, तसंच हाय. ज्याचं त्याला वळकू येतं."

शिवरात्रीला चार बंदुका परळीच्या बंदोबस्ताला गेल्या आणि मागं पोलिसांचे मोठे अंमलदार, अमीनसाहेब, तपासणीला आले. सातव्या खुंटीच्या बंदुकीशी राधाकिशन अडला. यादीत त्या खुंटीला अठ्ठावन्न साल, पट्टीवर एकोणसाठ. नावही दुसरंच.

"असली विकली साहेब, नकली बसवली! बंदुकांच्या खोलीची किल्ली गहिनीनाथकडं असते."

पहारेकरी गहिनीनाथच्या पायात बेड्या पडल्या. सकाळी त्याला बीडला धाडायचं ठरलं. सात वर्षं ज्याच्या भाकरीतली भाकरी मोडून खाल्ली, तो जोडीदार खांबाला टेकून बसलेला बघून बिभीषण पुढं झाला.

"साहेब, मला उघडून बगू द्या."

"घ्या! मेंढरं राखनारा आता विलायतेचा कारखाना सांगनार," राधाकिशन हसला.

"कावून हसतो, मुनशी? बघू दे त्याला," अमीनसाहेब म्हणाले.

बिभीषणनं घोंगडीवर बंदूक खोलली. नळीवर दोन खाचा. लाकडावर दोन. स्क्रूवर दोन. पट्टी उलटी केली, चार! पट्टी आणि लाकडाच्या मधे केस जाईल एवढी फट त्याला आता दिसली, आणि त्याचे हात थांबले.

महिन्यापूर्वी, बायकोला, अंजनाला, कळा लागल्याचा सांगावा आला त्या दिवशी, ह्याच घोंगडीवर ही आणि दुसरी एक जळक्या डागाची, अशा दोन बंदुका त्यानं खोलून ठेवल्या होत्या. पट्ट्या आतून न बघताच घाईघाईत दाबून बसवल्या आणि तो घराकडं पळाला. पोरगी झाली. आता बोलावं तर चाकरी जाणार, पोरगी पाळण्यात असताना पुन्हा दुसऱ्याच्या मेंढरामागं हिंडणं आलं. न बोलावं तर गहिनीनाथ जाणार.

"साहेब," पट्टी पुढं करत तो म्हणाला, "पट्टी नकली न्हाई. कोकरू दुसऱ्या मेंढीखाली गेलंय. ह्या कोकराची आई परळीला हाय. दस्त्यावर जळका डाग असलेली बंदूक. आन ही कोकरं बदलनारा मीच हाय."

"म्हंजे ह्या बेड्या तुझ्यापायी बे?" खांबाजवळून गहिनीनाथ ओरडला.

"व्हय गड्या."

अमीनसाहेबांनी स्वाराला हाक मारली. "खोटं निघालं तर दोघंबी आत." बीडचं धाडणं एक दिवस थांबलं आणि स्वार परळीला सुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जळक्या डागाची बंदूक घेऊन आला. सगळ्यांसमोर बिभीषणनं ती खोलली. नळीवर चार खाचा, लाकडावर चार. पट्टीवर मुकुट, अठ्ठावन्न साल, आणि आतल्या अंगाला दोन! त्यानं पट्ट्यांची अदलाबदल केली. टक्. दोन्ही आपापल्या खोबणीत बसल्या. केस काय, उजेडसुद्धा जाईना.

गहिनीनाथच्या बेड्या निघाल्या. बिभीषण मान खाली घालून उभा राहिला.

"तुझी सजा बाकी हाय," अमीनसाहेब म्हणाले. "हितल्या सगळ्या बंदुका आत्ताच खोल, परळीच्या तीन आल्या की त्याबी. मुनशीला खाचा सांग. त्यानं लिहायच्या. चुकून पट्ट्या बदलल्या तर पुन्हा सापडल्या पायजेत."

राधाकिशन तोंड वाकडं करत बोरू घेऊन बसला.

"बोल. पहिली?"

"लिवा मालक. उजवा कान, तीन खाचा."

"बंदुकीला कान कुठला बे?"

घोटे चोळत बसलेला गहिनीनाथ तिकडून म्हणाला, "मुकाट्यानं लिवा, मुनशीजी. न्हाईतर कोकरं फिरून बदलतील, आन ह्या बारीला किल्ली तुमच्याकडं ऱ्हाईल!"